कुलूप शाबूत आहे

माणमध्ये सध्या दोन प्रकारची माणसं राहतात. ज्यांच्या जमिनी गेल्या ती, आणि त्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरांत ज्यांनी फ्लॅट घेतले ती. पहिल्यांच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वाचता न येणारे कागद असतात. दुसऱ्यांच्या घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये न उघडणारे लॅपटॉप असतात. आत काहीतरी फार मोलाचं आहे याची दोघांनाही खात्री असते, आणि ते टाकून देणं दोघांच्याही जिवावर येतं. दोघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नाही, नाहीतर ‘तुमचंही असंच का?’ म्हणत एका चहावर मोकळे झाले असते.

हिंजवडीचा आयटी पार्क म्हणून जो जगात ओळखला जातो, त्यातला बराचसा भाग माणच्या शिवारात आहे. पण पत्ता सांगताना कुणी माण म्हणत नाही. ‘फेज थ्री’ म्हणतात. माण म्हटलं की साताऱ्याकडचा दुष्काळी तालुका डोळ्यांसमोर येतो आणि मुलीकडचे लोक दचकतात. पुणे मेट्रोची तिसरी मार्गिका, 23 किलोमीटर आणि 23 स्थानकं, माणहून निघून शिवाजीनगरला जाते. निदान कागदावर तरी सुरुवात आमच्यापासून आहे.

लॅपटॉप मरायला मात्र या गावासारखं गाव नाही. पाठीवर लॅपटॉप घेऊन दुचाकीवरून खड्डे मोजत जाणारे पाठीचे मणके जपतात, बॅगेतलं यंत्र जपत नाहीत. पहिला पाऊस पडतो त्या दिवशी बॅगेचं रेनकव्हर घरी असतं. लाइट जाते, जनरेटर सुरू होतो, लाइट येते, जनरेटर बंद होतो, आणि या येण्याजाण्यात चार्जरला जे काही सोसावं लागतं ते तो कुणाला सांगत नाही. घरून काम करायचं तर टेबल एकच, त्यावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी ताकाचा पेला आणि टेबलाखाली तीन वर्षांचं पोर. यंत्र किती दिवस टिकणार?

पूर्वी लॅपटॉप गेला तर त्याचं कुणी सुतक पाळत नसे. दुरुस्तीवाला मागचे स्क्रू काढायचा, हार्ड डिस्क बाहेर घ्यायचा, एका स्वस्तातल्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायचा, आणि तुमचं लग्न, बारसं, गोव्याची सहल, रिटर्नचे फॉर्म असं सगळं बिनबोभाट समोर यायचं. गैरसोय एवढीच होती की चोराने डिस्क काढली तरी तेच सगळं त्याच्याही समोर यायचं. मग जाणत्या लोकांनी ठरवलं, की डिस्कवर लिहायचं ते गुप्त करून लिहावं. विंडोजवर बिटलॉकर नावाचं हे कुलूप 2007 साली व्हिस्टाबरोबर आलं. त्याची किल्ली मदरबोर्डावरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये राहते, किंवा हल्ली प्रोसेसरच्याच पोटात. लॅपटॉप सुरू केला की चिप पाहते, बोर्ड तोच आहे ना, सुरुवात नेहमीसारखीच आहे ना. सगळं जागेवर असेल तर ती निमूटपणे किल्ली फिरवते. कुलूप आहे, किल्ली आहे, ती रोज फिरते आहे, यातलं काहीच मालकाच्या कानावर जात नाही. 2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून तर नव्याने विंडोज घातलं आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलं, की बहुतेक यंत्रांवर हे कुलूप आपोआपच लागतं.

मग एके दिवशी बोर्ड जातो.

माण रोडवर एका मेसच्या खाली एक गाळा आहे. बाहेर ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’ अशी पाटी, आत एक टेबल, त्यावर मायक्रोस्कोप, हॉट एअर गन, मल्टिमीटर, आणि उघडून पडलेले लॅपटॉप. मालक उदगीरकडचा, तिशीतला, बोलायला गोड. गिऱ्हाईक आत आलं की तो आधी खुर्ची देतो, पाणी देतो, लॅपटॉप उलटा करतो आणि डॉक्टर ‘शुगर आहे का?’ विचारतात त्या आवाजात विचारतो, “सर, बिटलॉकर आहे का?”

“छे! मी कशाला लावतोय?” बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं काढलेला गृहस्थ छातीठोकपणे सांगतो.

दुरुस्तीवाला काही बोलत नाही. एसएसडी काढतो, आपल्या यंत्राला जोडतो. पडद्यावर ड्राइव्ह दिसतो, त्याच्या चित्राला पिवळं कुलूप असतं.

“सर, डिस्क ठणठणीत आहे. डेटा पण सगळा आहे.”

“मग द्या ना कॉपी करून.”

“ती विचारते आहे, तुम्ही कोण?”

‘तुम्ही कोण’ या प्रश्नाचं उत्तर अठ्ठेचाळीस आकड्यांत द्यायचं असतं. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. यात रचनाकारांनी एक गंमत करून ठेवली आहे. प्रत्येक गटाला 11 ने नि:शेष भाग जातो. टाइप करताना एखादा आकडा चुकला तर यंत्र त्या गटापाशीच थांबतं आणि चूक दाखवतं. पुढचे आकडे उगाच टाइप करावे लागत नाहीत. म्हणजे माणसाचं बोट घसरेल याची काळजी कुणीतरी इतक्या मायेने घेतली, पण माणसाला आकडे मुळात माहीतच नसतील ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. अमेरिकेत लोक शिस्तीचे असतील.

आकडे नसतील तर अंदाजाने टाकून पाहावेत का? आमच्या सोसायटीत असं विचारणारे निघाले. त्यांच्यासाठी हिशेब सांगतो. 11 ने भागल्यावर प्रत्येक गटाचा भागाकार 16 बिटांत बसतो, आठ गट मिळून 128 बिट. एवढ्यात किती वेगवेगळ्या किल्ल्या बसतात ते लिहायचं तर 39 आकडी संख्या लागते. आपल्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परार्धापर्यंत मोजायची सोय केली, तो परार्ध 18 आकडी. परार्धाला परार्धाने गुणलं तरी 35 आकड्यांवर गाडी थांबते. तेव्हा ‘रात्रभर लावून ठेवू, सकाळपर्यंत सापडेल’ हा बेत सोडून द्यावा.

किल्ली कुठेतरी ठेवलेली असतेच, असं सांगतात. घरच्या लॅपटॉपची किल्ली कुलूप लागतानाच तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. खातं उघडायचं, पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीची सुरुवातीची अक्षरं जुळवायची, समोरचे आकडे उतरवून घ्यायचे. पाच मिनिटांचं काम. फक्त ते खातं कोणतं हे आठवायला हवं. ते कॉलेजात असताना काढलेलं असतं, आणि त्या वयाला शोभेल असं त्याचं नाव असतं. दुरुस्तीवाल्यासमोर ते नाव मोठ्याने सांगताना बँकवाल्या गृहस्थांचे कान लाल होतात. पासवर्ड आठवत नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक केलं की ओटीपी येतो, पण जातो जुन्या नंबरवर. तो नंबर पोर्ट करायचा राहिला, रिचार्ज करायचा राहिला, आणि आता तो दुसऱ्याच कुणाचा तरी झाला आहे. दुसरा मार्ग म्हणून दिलेला ईमेल आधीच्या कंपनीचा. तिथल्या आयडीला नोटिस पिरियडच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला टाळं लागलं. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात, दुसऱ्याची तिसऱ्यात, आणि तिसरं कुलूप नोकरी सोडताना मॅनेजरला ‘टच में रहेंगे’ म्हणत मागे टाकून आलेलं.

काही लोक मात्र सावध असतात. त्यांनी आधीच किल्ली जतन केलेली असते. या सावध लोकांची कथा जास्त करुण आहे. विंडोज सांगतं, की किल्ली कुलूप लावलेल्या ड्राइव्हवरच ठेवता येणार नाही. दुसरीकडे ठेवा किंवा छापून घ्या. सूचना अगदी रास्त. पण दुसरीकडे म्हणजे पेनड्राइव्ह, तो सापडत नाही. छापायचं तर घरी प्रिंटर नाही. मग इंजिनीअर डोकं चालवतो. ‘प्रिंट’ म्हणायचं, प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडायचं, आणि ती पीडीएफ डेस्कटॉपवर ‘इम्पॉर्टंट’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. कुलपाने ज्याला मज्जाव केला होता ते मागच्या दाराने साध्य झालं. किल्ली त्याच घरात, बैठकीच्या खोलीत, टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी. घर तेवढं बाहेरून बंद आहे.

मोठं आश्चर्य हे, की ऑफिसच्या लॅपटॉपला असलं काही होत नाही. तो बंद पडला तर आयटी डेस्कला तिकीट टाकतात, तिकडचा मुलगा आपल्या यादीतून अठ्ठेचाळीस आकडे वाचून दाखवतो, काम सुरू. शिकागोतल्या विमा कंपनीचा डेटा माणमध्ये बसून जीवापाड जपणारी माणसं आपल्या पोरीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो एका चिपच्या भरवशावर सोडतात. घरच्या डेटाला क्लायंट नसतो, एवढंच त्याचं कारण असावं.

लॅपटॉप गेल्याची बातमी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडली, की अर्ध्या तासात सल्ले येतात. हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हा पहिला सल्ला ठरलेला. तो कुठल्यातरी जुन्या काळच्या, अडकलेल्या फिरत्या डिस्कसाठी होता; एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, तरीही ती मटारांच्या शेजारी जाऊन बसते. दुसरा म्हणतो फॉरमॅट मारा, म्हणजे कुलूप जाईल. जाईल, सोबत घरही जाईल. तिसरा दिल्लीतल्या नेहरू प्लेसचा नंबर देतो. चौथा, जो खरोखरच सायबर सिक्युरिटीत आहे, तो फक्त ‘आरआयपी’ लिहितो. पाचवा त्याच वेळी ‘पाण्याचा टँकर कधी येणार?’ असं विचारतो आणि विषय बदलतो.

इकडे गाळ्यात दुरुस्तीवाल्याने किल्ली शोधायचा नाद सोडलेला असतो. त्याचं तत्त्व सरळ आहे. किल्ली बोर्डावर आहे ना? मग बोर्डच उठवू. बोर्ड तोच, चिप तीच, पुन्हा सुरू झाला की कुलूप आपण होऊन उघडेल, एकही आकडा मागणार नाही. ही खरी डेटा रिकव्हरी आणि ती बघण्यासारखी असते. मेलेल्या बोर्डावर बहुतेक वेळा एखादा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो, तिळाहून बारीक. त्याच्यासारखे दिसणारे बोर्डावर शेकडो. कोणता मेला ते नुसत्या नजरेला कळत नाही. तो बोर्डावर ब्रशने अल्कोहोल पसरतो, पॉवर सप्लायचा आकडा अगदी खाली, एका व्होल्टच्या आसपास आणतो आणि दोन तारा टेकवतो. मग बघत राहतो. सगळा बोर्ड ओला, आणि एका कोपऱ्यात बाजरीच्या दाण्याएवढा ठिपका आधी सुकतो. जो शॉर्ट आहे तो तापतो, तापतो म्हणून त्याच्यावरचं अल्कोहोल आधी उडतं. “हा घ्या,” म्हणून तो चिमटा टेकवतो, गरम हवेने तो दाणा उचलतो, दुसरा लावतो. कधीकधी तर लावतही नाही, “याच्याविना चालतंय, सर.” पंखा फिरतो, पडदा उजळतो. गिऱ्हाईक त्याला मिठी मारायच्या बेतात असतं, तो म्हणतो, “आधी कॉपी करून घ्या, नंतर बोलू. हा कधी परत झोपेल सांगता येत नाही.”

पाणी चिपपर्यंत पोचलं असेल, बोर्ड जळला असेल, तर तोही हात टेकतो. हल्ली पुष्कळ यंत्रांत साठवणच बोर्डाला डकवलेली आणि किल्ली चिपच्या पोटात पुरलेली असते. अॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकचं असंच आहे. तिथे बोर्डावर जीव नाही तर डेटा नाही. डिस्क काढून दुसरीकडे जोडू म्हणायला डिस्क नावाची सुटी वस्तूच नाही.

बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कची एक निराळी तऱ्हा. काहींमध्ये गुप्त लिहिणारी चिप यूएसबीच्या छोट्या पट्टीवरच बसवलेली असते. तुम्ही जन्मात पासवर्ड लावलेला नसतो, तरी ती चिप मुकाट्याने सगळं गुप्त करून लिहीत असते आणि परत वाचताना उलगडून देत असते. पट्टी जळली, डिस्क काढून दुसऱ्या डबीत घातली, की लग्नाच्या आल्बमच्या जागी नुसता भुसा. अशा वेळी लॅबवाले तशीच दुसरी पट्टी शोधतात. फिरत्या डिस्कचं वाचणारं डोकंच गेलं असेल तर स्वच्छ खोलीत, धूळ गाळलेल्या हवेत, तशाच दुसऱ्या डिस्कचं डोकं काढून बसवतात आणि आधी सेक्टरामागून सेक्टर अशी हुबेहूब नक्कल काढून घेतात. उलगडायचं ते नकलेवर, मूळ डिस्कला त्रास नको. किल्ली हातात असेल तर जेवढे सेक्टर वाचले तेवढे फोटो हाती येतात. किल्ली नसेल तर शंभर टक्के सेक्टर वाचवूनही हाती शून्य, आणि लॅबचं बिल मात्र शंभर टक्के.

लिनक्सवाले या सगळ्याला हसतात. त्यांचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात असतो, ते कुठल्या चिपच्या नादी लागत नाहीत. पण त्यांच्या लक्स नावाच्या कुलपाचा सगळा कारभार डिस्कच्या तोंडाशी असलेल्या एका हेडरमध्ये असतो. नव्या आवृत्तीत तो साधारण 16 एमबीचा. नेमकी तेवढी जागा खराब झाली तर दोन टीबीचा ड्राइव्ह शाबूत, पासवर्ड तोंडपाठ, आणि तो कुठे सांगायचा ती जागाच गेलेली. हेडरची नक्कल काढून ठेवायला एका ओळीची आज्ञा आहे. ती कोणती हे प्रत्येक लिनक्सवाल्याला माहीत असतं. ती चालवलेली असणारा मला अजून भेटायचा आहे.

किल्ली सांभाळायची शिस्त असली म्हणजे सुटलो, असंही नाही. 19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. दुरुस्ती सोपी होती, एक फाइल काढायची. पण ती काढायला यंत्र उघडायला हवं, आणि पुष्कळ यंत्रांवर बिटलॉकर. म्हणजे प्रत्येकासमोर बसून अठ्ठेचाळीस आकडे. काही कचेऱ्यांत किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवली होती तो सर्व्हरही निळा पडलेला! ऑस्ट्रेलियातल्या एका फर्मने शेवटी प्रत्येक किल्लीचा बारकोड बनवला आणि दुकानातल्या बारकोड गनने लॅपटॉपच्या तोंडावर ट्रिगर ओढला. गनला काय, ती आकडेच टाइप करते. चाकणच्या प्रत्येक गोदामात ही गन कमरेला लावून फिरणारी पोरं आहेत. त्या दिवशी त्यांना फेज थ्रीत मानाने बोलवायला हवं होतं.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की हे नवं संकट आहे. मराठीत हे सातशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय, आणि त्या मंडळींनी ते आपल्यापेक्षा बरं निभावलंय.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट नावाच्या विद्वानाने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. 1278 च्या आसपासची ही गोष्ट, ‘ज्ञानेश्वरी’च्याही आधीची. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांच्या गावी जायचं, ते नांगरत असोत की गुरं राखत असोत, त्यांच्याकडून लीळा ऐकायची आणि रिद्धपूरला नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळून घ्यायची. असं ‘लीळाचरित्र’ झालं, मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ. मग चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजा देवगिरीवर आल्या, त्या धामधुमीत मूळ पोथी गेली. हार्डवेअर फेल. बॅकअप म्हणून कपाटात दुसरी पोथी होती असं नाही, पण माणसं होती. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, पुन्हा लिहून निघाल्या. साहजिकच सांगणारा बदलला तसा शब्द बदलला, आणि एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले. त्यातला एक हिराईसेच्या नावाने ओळखला जातो. या मंडळींचा प्रामाणिकपणा असा, की कुणाचा पाठ काय ते नावानिशी नोंदवून ठेवलं, आपलंच खरं म्हणून बाकीचे पुसून टाकले नाहीत. आमच्या ऑफिसात ‘फायनल’, ‘फायनल टू’ आणि ‘फायनल लेटेस्ट’ अशा तीन फाइल असतात आणि कुठली कुणाची हे तिघांनाही सांगता येत नाही.

एकदा हात पोळल्यावर महानुभावांनी कुलूप लावलं. रवळोव्यासांनी चौदाव्या शतकात सकळ लिपी रचली असं परंपरा सांगते. साध्या अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हं. पुढे सुंदरी, अंक, वज्र अशा आणखी लिप्या आल्या. पोथी कुणाच्या हाती पडली तरी वाचता येऊ नये, हाच हेतू. हे कुलूप इतकं पक्कं निघालं की मराठीतलं सगळ्यात जुनं, सगळ्यात सुंदर गद्य पाचेकशे वर्षं मराठी माणसापासूनच लपून राहिलं. आणि ज्याला फाइल उघडता येत नाही तो ‘तिच्यात व्हायरस आहे’ म्हणतो, हा नियम तेव्हाही होताच. बाहेरच्यांनी या पंथाविषयी नाही नाही ते पसरवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. राजवाड्यांचा स्वभाव मराठी वाचकाला सांगायला नको. माणसांशी त्यांचं फार काळ पटत नसे, कुलपांशी पटत असावं. पुढे महंतांनीही मठांची दारं उघडली, आणि ‘लीळाचरित्र’ छापून आलं. वि. भि. कोलत्यांनी साक्षेपाने सिद्ध केलेली आवृत्ती 1978 ची.

माझ्या मते यात राजवाड्यांइतकंच श्रेय त्या निनावी शिष्यांना आहे, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दोन कामं केली. पोथीच्या नकला केल्या आणि लिपी पुढच्याला शिकवली. नकला एका मठात ठेवल्या नाहीत. पंथ पंजाबात, पेशावरापर्यंत गेला, पोथ्याही गेल्या. आजच्या भाषेत त्याला ऑफसाइट बॅकअप म्हणतात आणि त्याचे महिन्याला पैसे घेतात. राजवाड्यांसारखा माणूस नसता तरी मठात एखादा म्हातारा महंत वाचून दाखवायला होताच. किल्ली चिपमध्ये ठेवलेली नव्हती, माणसांत ठेवलेली होती.

याउलट मोडीचं झालं. मोडी कधी गुप्त नव्हती, गल्लीतला वाणी लिहायचा. विसाव्या शतकात ती छापखान्यातून गेली, शाळेतून गेली, आणि कुणी कुलूप न लावताच कोट्यवधी कागदांना कुलूप लागलं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवले आहेत; कागद जपून आहे, शाई जपून आहे, वाचणारे मोजके. त्या मोजक्यांना 2023 मध्ये अचानक दिवस आले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या आजोबांच्या ‘मोडी शिक रे’कडे नातवाने कानाडोळा केला होता, तेच आजोबा तहसीलदाराच्या खुर्चीशेजारी बसलेले दिसू लागले.

त्या हंगामात माणच्या जुन्या वस्तीतल्या एका घरानेही माळ्यावरची पेटी खाली काढली. पिढ्यान्‌पिढ्या समज असा, की त्यात इनामाची सनद आहे, आणि ती सापडली तर फेज थ्रीतला एक टॉवर तरी आपल्याच नावावर निघेल. पुण्याहून मोडी वाचक आले. पानामागे त्यांचा दर ठरलेला. चष्मा लावून त्यांनी पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, आणि खाकरले. सनद नव्हती. पणजोबांनी शेजारच्या घराकडून जोंधळे आणि काही रुपये उसने घेतल्याचा रोखा होता, मुदत दोन वर्षांची. फेडल्याचा कागद पेटीत कुठे नव्हता. शेजारच्या घरातले लोक तेव्हा पेटी उघडायला मदत म्हणून तिथेच बसले होते. त्यांनी व्याज मागितलं नाही, इतकं गाव अजून शिल्लक आहे.

उघडल्यावर आत काय निघतं याबाबत फ्लॅटवालेही फारसे पुढे नाहीत. आमच्या इमारतीतल्या एका घरचा लॅपटॉप असाच गेला. बोर्ड उठेना, खातं उघडेना. नवरा-बायको एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते, ते भांडणाहून वाईट असतं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, “अरे, आकड्यांचा एक कागद होता, तो तर नव्हे?” लॅपटॉप नवा असताना मुलाने ऑफिसात कसलीशी पानं छापून आणली होती आणि रद्दीत टाकली होती. रद्दी बांधताना त्यांच्या नजरेला ती पडली. इतके आकडे असलेला कागद टाकू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. वीजबिल असो, विमा असो, घरपट्टी असो. त्यांनी तो एलआयसीच्या पॉलिशींत घालून, रबर लावून, गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. आकडे टाकले, ड्राइव्ह उघडला. आत पोरीचे फोटो होते, हे खरं. त्याखेरीज हजारो स्क्रीनशॉट, शुभ सकाळची गुलाबं, एकाच आधार कार्डाच्या सात प्रती आणि गोव्यात काढलेला अंगठ्याचा दीड तासाचा व्हिडिओ. सुनेने त्या दिवशी सासूबाईंना विचारल्याशिवाय रद्दी न देण्याचं मान्य केलं. सासूबाईंनी तोच कागद पुन्हा तिथेच ठेवला.

तेव्हा या रविवारी एक काम करा. लॅपटॉप चालू आहे तोवर सेटिंगमध्ये जा, कुलूप आहे का पाहा. नाही म्हणून छातीठोक सांगू नका, पाहा. असेल तर ते अठ्ठेचाळीस आकडे कागदावर उतरवा, वर कोणत्या लॅपटॉपचे ते लिहा, आणि तो कागद घरातल्या अशा माणसाकडे द्या ज्याला कॉम्प्युटरमधलं काहीही कळत नाही. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, त्याचा फोटो काढून त्याच लॅपटॉपवर तर मुळीच टाकू नका. फोटो आणि फॉर्म एखाद्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क गावाकडच्या घरी नेऊन ठेवा. आणि पत्र्याची पेटी माळ्यावर असेल तर मोडी वाचक आजच गाठा. माण रोडवरचा गाळा रविवारी बंद असतो, आणि पावसाळ्यात तिथे आठ-आठ दिवसांनी नंबर लागतो.